निळी चिकटपट्टी आठवते, चेहरा आठवत नाही

पत्र

मॅडम, नमस्कार. मी त्रेचाळीस वर्षांची, प्रतापनगर भागात राहते, घरून डबे पुरवते. २०२३ च्या मे महिन्यात, संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास मी आणि मिस्टर भाजी घेऊन परत येत होतो. गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकलवर दोन पोरं आली. मागच्यानं चाकू दाखवून समोरून येणाऱ्या आजींच्या गळ्यातली पोत ओढली. आजी पडल्या, हाताला चांगलंच लागलं. दोघांच्याही तोंडाला दुपट्टा होता, मागच्याचा झटापटीत खाली सरकला. मी चार-पाच सेकंद पाहिला असेल त्याला. दुसऱ्या दिवशी पोलिसांना जबाब दिला. आठवड्यानं आमच्या वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आला, 'हाच तो चोर, पकडला'. त्यानंतर तीन आठवड्यांनी जेलमध्ये ओळख परेड झाली. मी एकावर बोट ठेवलं, 'बहुतेक हाच' म्हटलं. बाहेर आल्यावर कुणीतरी म्हणालं, 'बरोबर ओळखलं ताई'.

आता समन्स आलं आहे. डोळे मिटले की तो चेहरा लख्ख दिसतो, पण तो गल्लीतला की फोटोतला हेच कळत नाही. गाडी मला मरून रंगाची आठवते, मिस्टर म्हणतात काळी. ते पण साक्षीदार आहेत. चाकूच्या मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळली होती एवढं मात्र पक्कं, आणि नेमकं तेच जबाबात नाही. मी सांगितलं होतं असं वाटतं. मिस्टर म्हणतात, 'जे लिहून देलं तेच बोल.' दीर म्हणतात, 'काहून भानगडीत पडता वहिनी, आठवत नाही म्हणा न् मोकळ्या व्हा.' भाचा म्हणतो ब्रेन मॅपिंग, म्हणजे ती मेंदूच्या लहरींची तपासणी, करून घे. मी कोर्टात काय सांगू? खोट्या साक्षीचा गुन्हा तर लागणार नाही ना? झोप उडाली आहे.
एक वाचक, नागपूर

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातल्या दोन शब्दांखाली मी पेन्सिलीनं रेघ ओढली. एक 'बहुतेक' आणि दुसरा 'लख्ख'. परेडच्या दिवशी 'बहुतेक हाच' होता, आज तोच चेहरा लख्ख दिसतो. एवढ्या काळात आठवण फिकट व्हायला हवी होती, तुमची उजळली. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीला धबधब्यासारखं असतं. पहिल्या काही तासांत बरंच गळून जातं, मग गळती मंदावते. गळून गेलेली गोष्ट आपोआप परत भरत नाही. भरलेली दिसली, तर ती कुठून भरली हे शोधायचं.

आपण 'आठवण काढली' म्हणतो, जणू फडताळातून डबा काढला. तुम्ही स्वयंपाकातल्या, तुम्हाला दुसरी उपमा देते. कालचा रस्सा आज गरम करताना तुम्ही घोटभर पाणी घालता, चाखून चिमूटभर मीठ टाकता. परवा पुन्हा तेच. चौथ्या दिवशी कुणी विचारलं की पहिल्या दिवशीचं मीठ किती होतं, तर सांगता येईल? आठवणही दर वेळी अशीच नव्यानं चुलीवर चढते आणि घरात त्या वेळी जे काही बोललं जात असतं, ते थोडंथोडं तिच्यात पडतं. तुम्ही तर ही गोष्ट मिस्टरांना, दिरांना, शेजारणींना, पोलिसांना किती वेळा सांगितली असेल.

मी तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं. दर वर्षी एक खोडी काढायची. तास चालू असताना कॉलेजचे शिपाई अचानक आत यायचे, 'मॅडम, ऑफिसात बोलावलंय' म्हणायचे, टेबलावरची माझी छत्री उचलायचे आणि निघून जायचे. सगळं ठरलेलं, फक्त पोरांना माहीत नसायचं. मग मी म्हणायची, काय झालं ते लिहा. शिपाई कधीच टोपी घालत नसत, तरी निम्म्याशिम्म्या कागदांवर टोपी यायची. शिपाई म्हटला की टोपी, डोकं परस्पर भरून टाकतं. पण खरी गंमत पुढे. चार-चारच्या गटात बसवून मी त्यांना आपसात बोलू द्यायची आणि पुन्हा लिहायला सांगायची. एका मुलाचा कागद मी अजून जपून ठेवला आहे. आधी त्यानं लिहिलं होतं, 'टोपी नव्हती.' मग त्यावर काट मारून, दाबून लिहिलं, 'टोपी होती, पांढरी.' त्या चौघांत तो एकटाच बरोबर होता. त्याला मी विचारलं, काट का मारलीस? म्हणाला, 'मॅडम, आता खरंच दिसते.' तो खोटं बोलत नव्हता.

तुमच्या बाबतीत टोपीचं काम त्या फोटोनं केलं असण्याची दाट शक्यता आहे. चेहरा लक्षात राहणं आणि तो कुठे पाहिला हे लक्षात राहणं, ही दोन वेगळी खाती आहेत, आणि दुसरं खातं फार कच्चं असतं. लग्नात समोर आलेला माणूस ओळखीचा वाटतो, पण बर्डीतल्या कापडाच्या दुकानातला की मुलीच्या शाळेतला ते सुचत नाही, तसं. ऑस्ट्रेलियात डोनाल्ड थॉमसन नावाच्या मानसशास्त्रज्ञावर सत्तरच्या दशकात एका स्त्रीनं बलात्काराचा आरोप केला, वर्णन चोख होतं. पण ती घटना घडली तेव्हा थॉमसन टीव्हीवर थेट कार्यक्रमात होते, आणि विषय होता साक्षीदाराची स्मरणशक्ती! हल्ल्याच्या आधी तिच्या घरातला टीव्ही चालू होता. चेहरा पडद्यावरचा, भीती खरी, दोन्हींची गाठ मनानंच मारली. तुमचा माणूस मात्र फोटोत अगदी स्थिर, समोर बघणारा, उजेडात. हवा तितका वेळ, हवा तितक्या वेळा पाहता येणारा. गल्लीतले चार-पाच सेकंद त्याच्यापुढे कसे टिकायचे?

त्यातून मे महिन्याचं नागपूर. आपल्याकडे उन्हाळ्यात निम्मं शहर तोंड बांधून फिरतं, दुपट्टा घसरला तरी डोकं आणि कपाळ झाकलेलंच राहतं. अनोळखी माणसाचा चेहरा आपण बऱ्याच अंशी केस, कपाळ, चेहऱ्याची बाह्यरेषा यांवरून धरतो. नेमकं तेच तुम्हाला दिसलेलं नाही. शिवाय समोर चाकू होता. शस्त्र दिसलं की नजर त्यालाच चिकटते आणि धरणाऱ्याचा चेहरा निसटतो, हे अनेक प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तुम्हाला मुठीवरची चिकटपट्टी रंगासकट आठवते आणि चेहऱ्याबद्दल शंका आहे, यात विचित्र काही नाही. असंच होतं.

मग 'बरोबर ओळखलं ताई'. हे वाक्य कुणी म्हटलं मला ठाऊक नाही, वाईट हेतूनंही म्हटलं नसेल. पण 'बहुतेक'चं 'नक्की' व्हायला एवढं पुरतं. ओळख पटवल्यावर अशी शाबासकी मिळालेली माणसं नंतर सांगतात की आम्ही चेहरा नीट पाहिला होता, उजेड चांगला होता, आम्हाला तेव्हाही खात्री होती. अमेरिकेत रोनाल्ड कॉटन या तरुणाच्या बाबतीत हेच घडलं. १९८४ मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्यात बलात्कार झालेल्या एका विद्यार्थिनीनं हल्ला होत असतानाच ठरवून हल्लेखोराचा चेहरा पाठ केला होता. फोटोंमधून तिनं कॉटनला निवडलं, मग रांगेतूनही निवडलं, आणि फोटोतही हाच होता असं तिला सांगण्यात आलं. पुढच्या खटल्यात खरा गुन्हेगार तिच्यासमोर कोर्टात उभा केला, तरी ती म्हणाली, याला मी कधी पाहिलेलं नाही. १९९५ मध्ये डीएनए तपासणीनं कॉटन सुटला, सुमारे साडेदहा वर्षं आत काढून. ती मुलगी हुशार होती, प्रामाणिक होती आणि तिची खात्री शंभर टक्के होती. म्हणून तुमच्या आजच्या लख्ख चेहऱ्यापेक्षा त्या दिवशीच्या 'बहुतेक'ला मी जास्त वजन देते.

गाडीच्या रंगाचं भांडण घरात मिटवू नका. मिस्टर काळी म्हणतात, तुम्ही मरून, आणि कदाचित दोघांच्याही डोळ्यांनी आपलं काम बरोबर केलं असेल. मे महिन्यात आपल्याकडे पावणेसातच्या पुढे दिवस मावळतो, सव्वासातला दिवेलागणीची वेळ. त्या उजेडात लाल छटा सर्वांत आधी काळपट होतात. पुर्किंजे या चेक शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात फुलांकडे बघताना हे टिपलं होतं. दोघांनी बसून 'गडद रंगाची' असं एकमत केलं, तर कोर्टाला दोन साक्षी मिळणार नाहीत, एकाच साक्षीच्या दोन प्रती मिळतील. एकाची साक्ष चालू असताना दुसऱ्या साक्षीदाराला बाहेर बसवतात ते उगाच नाही. तारीख होईपर्यंत घरात हा विषयच बंद. अवघड आहे, माहीत आहे. मिस्टरांना हे उत्तर वाचायला द्या.

आता कोर्टाचं. मी वकील नाही, पण पुढचं सगळं एका वकील मैत्रिणीला दाखवून घेतलं आहे.

'लिहून देलं तेच बोल' हा सल्ला प्रेमापोटी आहे, पण चुकीचा आहे. पोलिसांनी तुमचा जो जबाब घेतला, तो तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६१ खाली. आता त्याच जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८० आहे. त्यावर तुमची सही नसते, कारण कायद्यानंच ती घ्यायची नसते. तो तुमच्या तोंडचा शब्दन्‌शब्दही नसतो. तुम्ही बोललात, त्यांनी त्यांच्या भाषेत लिहिलं. कोर्टात पुरावा म्हणून धरतात ती शपथेवरची साक्ष. जबाब समोर येतो तो तुमच्या बोलण्यातला विरोध दाखवायला. साक्षीआधी सरकारी वकील तो वाचायला देतील, वाचा. पण पाठ करू नका. आधी घरी कोऱ्या कागदावर स्वतःपुरतं लिहून पाहा, प्रत्येक गोष्टीपुढे ती तुमच्यापर्यंत कशी आली ते. गल्लीत पाहिलं, फोटोत पाहिलं, मिस्टरांकडून ऐकलं, पेपरात वाचलं. जिथे सांगता येत नाही, तिथे 'सांगता येत नाही'. हे जबाब वाचण्याच्या आधी करा. एकदा तो वाचला की त्यातली वाक्यं तुमच्या आठवणीत सोंगटीसारखी जाऊन बसतील.

दिरांचा सल्ला मला जास्त धोक्याचा वाटतो. जे आठवतं तेही 'आठवत नाही' म्हणून मोकळं होणं हेही खोटंच. आजी पडल्या, पोत ओढली, चाकू होता, गाडीवर दोघं होते, हे तुम्हाला आठवतं. ते सांगायचं.

तुम्ही विचारता गुन्हा लागेल का. प्रामाणिक चूक म्हणजे खोटी साक्ष नव्हे. खोटी साक्ष ठरायला ते खोटं आहे हे माहीत असावं लागतं, किंवा ते खरं असल्यावर आपलाच विश्वास नसावा लागतो. आणि इथे कायद्याची एक बारीक मेख आहे, जी भारतीय दंड संहितेच्या कलम १९१ च्या स्पष्टीकरणात होती आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे: जे आपल्याला माहीत नाही ते माहीत आहे असं सांगणं हीदेखील खोटी साक्ष. म्हणजे 'बहुतेक हाच' म्हणणारी बाई सुरक्षित आहे. धोका आहे तो मनात शंका असताना 'शंभर टक्के हाच' म्हणण्यात.

फोटोची गोष्ट लपवू नका. साक्षीआधी सरकारी वकिलांना भेटून स्पष्ट सांगा की परेडच्या आधी मी ग्रुपवर फोटो पाहिला होता. पेपरात आरोपींची काळा कपडा टाकलेली डोकी दिसतात ना, लोकांना वाटतं त्यांची अब्रू झाकली. ती झाकतात ती मुख्यतः परेडसाठी, साक्षीदारानं चेहरा आधी पाहू नये म्हणून. आधी फोटो पाहिला असेल तर परेडचं वजन उतरतं, हे सर्वोच्च न्यायालयानं अनेकदा सांगितलं आहे. वकील नाराज होतील, कदाचित होणारही नाहीत. तुम्ही कोर्टात 'खात्री नाही' म्हणालात, तर ते न्यायाधीशांच्या परवानगीनं तुम्हालाच उलट प्रश्न विचारू शकतात आणि उद्या वस्तीत कुणी 'साक्षीदार फितूर' म्हणेल. म्हणू द्या. तरी तुमची बाकीची साक्ष पुसली जात नाही, विश्वासार्ह भाग कोर्ट घेऊ शकतं. चाकू वापरून जबरी चोरी सिद्ध झाली तर तेव्हाच्या दंड संहितेच्या कलम ३९७ नुसार किमान सात वर्षं आहेत. तो मुलगा खरंच तोच असेल, तर पोतीची जप्ती, पंचनामा, कॅमेरे, मोबाइल, हे सगळंही बोलेल. तुमच्या चार सेकंदांवर ही सात वर्षं तोलायला तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

(भाच्याला सांगा, ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच स्पष्ट केलं आहे. आणि संमती दिली तरी गल्लीतला चेहरा एका बाजूला, फोटोतला दुसऱ्या बाजूला अशी चाळणी लावणारं यंत्र निघालेलं नाही.)

उलटतपासणीला घाबरू नका असं मी म्हणणार नाही, सगळेच घाबरतात. काही वर्षांपूर्वी एका अपघाताच्या केसमध्ये मला सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात साक्षीला उभं राहावं लागलं होतं. वर्गात दोनशे पोरांपुढे न डगमगणारी मी, तिथे 'दुकानाचं शटर अर्धं होतं की पूर्ण?' या प्रश्नावर अडखळले आणि 'अर्धं' म्हणून बसले. आजही माहीत नाही अर्धं का म्हटलं. प्रश्नात दोनच पर्याय होते म्हणून. 'लक्ष नव्हतं' हा तिसरा पर्याय नेहमी तुमच्या हातात असतो, कुणी तो वाढत नाही.

प्रश्नातले शब्द कान देऊन ऐका. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या छोट्या फिती दाखवल्या आणि वेग विचारला. काहींना विचारलं गाड्या 'एकमेकींवर आदळल्या' तेव्हा, काहींना 'एकमेकींना लागल्या' तेव्हा. फिती त्याच, पण पहिल्यांनी सरासरी ताशी ४०.८ मैल सांगितलं, दुसऱ्यांनी ३१.८. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच नव्हतीच. 'आदळल्या' ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना ती दिसली होती. सरतपासणीत, म्हणजे सरकारी वकील आधी विचारतात तेव्हा, असे सूचक प्रश्न सहसा चालत नाहीत, पण उलटतपासणीत चालतात. आरोपीचे वकील विचारतील, 'त्यानं लाल शर्ट घातला होता, बरोबर?' शर्ट आठवत नसेल, तर लालही नाही आणि निळाही नाही.

शेवटी वकील एका दमात सांगतील की तुम्ही तिथे नव्हतात, तुम्हाला काही दिसलंच नाही, पोलिसांच्या सांगण्यावरून तुम्ही खोटं बोलताय. अंगावर घेऊ नका. ते प्रत्येक साक्षीदाराला विचारतात, आणि टंकलेखक 'हे म्हणणे खरे नाही की...' अशी वाक्यं झोपेतही टंकू शकतो. किती वाजले होते, किती फुटांवर होतात, हे नेमकं सांगता आलं नाही तर तुम्ही खोट्या ठरत नाही. १९८३ मध्ये भरवाडा भोगिनभाई हिरजीभाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं आहे की साक्षीदाराच्या मनात घटनेची व्हिडिओ टेप चालत नसते, वेळेचा अंदाज हा अंदाजच असतो, आणि कोर्टाच्या वातावरणानं साधा माणूस गोंधळतो.

मग कठड्यात उभ्या असताना, त्या मुलाकडे बघून ओळख विचारतील. तेव्हा साधारण असं सांगा: परेडमध्ये मी याच्याकडे बोट दाखवलं होतं, तेव्हा 'बहुतेक हाच' म्हटलं होतं. त्याआधी मी याचा फोटो ग्रुपवर पाहिला होता. आज चेहरा ओळखीचा वाटतो, पण तो गल्लीत पाहिल्यामुळे की फोटोमुळे, हे मला सांगता येत नाही. एवढंच, आणि थांबा. पाणी मागायला लाजू नका. समन्स बरोबर ठेवा, साक्षीदाराचा भत्ता मिळतो, तो विचारून घ्या. डब्यांना त्या दिवशी सुट्टी द्या, कारण तारीख सकाळची असली तरी पुकारा कधी होईल याचा नेम नाही.

आणि ती चिकटपट्टी. तीही चुकीची असू शकते, आठवणीची हमी मी कशालाच देत नाही. पण तिच्याबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं नाही, फोटोत चाकू नव्हता, मिस्टरांना ती दिसलेली नाही. बाहेरून आत यायला तिला मला तरी रस्ता दिसत नाही. सरकारी वकिलांना ती आधी सांगा. आरोपीचे वकील म्हणतील, 'हे तुमच्या जबाबात नाही.' तेव्हा पत्रात मला लिहिलंत तसंच सांगा, सांगितलं होतं असं वाटतं, ते का नोंदवलं गेलं नाही हे मला सांगता येणार नाही. मग रंग विचारतील. निळी.